नर्सबाई हामान झाल्या तेव्हा

बेलापुरात मिलकाबाई झिराडकरांना सगळे नर्सबाई म्हणत आणि सगळे घाबरत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही कोणी एवढं घाबरत नसे. कडक इस्त्रीची पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि चपलांचा असा आवाज, की तो बोळात ऐकू आला की बाया आपापल्या पोरांची नाकं पुसू लागत. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्याच पोरांना पुढे त्यांनीच सुया टोचलेल्या. त्यामुळे गावात त्यांच्याविषयी जेवढी माया तेवढीच धास्ती.

मी सत्तर साली तिथल्या प्राथमिक शाळेत नोकरीला लागले आणि रंगनाथरावांच्या अंगणातल्या एका खोलीत राहायला आले. रंगनाथराव प्रवरेकाठचे ऊसवाले शेतकरी. घरासमोर मोठं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि एका बाजूला ओळीनं तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या. पहिलीत मिलकाबाई, मधली माझी, तिसरीत पास्कोआल फुर्ताद नावाचे गोव्याचे गृहस्थ. ते साखर कारखान्यात फिटर होते. मिलकाबाई त्यांना पास्कू म्हणत, मी पास्कूभाऊ म्हणे, गाव फिटरसाहेब म्हणे. संध्याकाळी पाळी संपवून आले की आंघोळ करून ते दारात बसत आणि ट्रम्पेट वाजवत. लग्नसराईत बँडवाले त्यांना हौसेनं घेऊन जात.

गावाला वाटे, मिलकाबाई किरिस्ताव. नगर जिल्ह्यात तेव्हा नर्स म्हटली की ती ख्रिश्चन, असंच सगळे धरून चालत. त्यांच्या घरात बायबलही होतं. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शुक्रवारी तिन्हीसांजेला त्या दोन दिवे लावत, शनिवारी चूल पेटवत नसत, आणि दाराच्या चौकटीला ठोकलेल्या एका लहानशा पत्र्याच्या नळीला येता-जाता बोटं लावून ओठांशी नेत. रंगनाथरावांची आई, झुंबरबाई, म्हणायची, "असंल त्यांच्यात तसं." तिचा कुठल्याही गोष्टीवर तोच निकाल असे.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत निवडणुकीचा धुरळा उडाला होता. जीपगाड्या, कर्णे, भिंतीवर गेरूनं काढलेल्या निशाण्या. कारखान्याचा गळीत हंगामही ऐन भरात, त्यामुळे पास्कूभाऊंना रजा मिळत नव्हती. ते चार दिवस अगदी उदास दिसले. मी विचारलं तर म्हणाले, "बाय, आमच्या गोंयात आता इंत्रुज चालू असणार. गाव सगळा रस्त्यावर असणार. आणि मी हांगा चरकाला ग्रीस लावतोय."

इंत्रुज म्हणजे काय ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

मंगळवारी दुपारी मी शाळेतून येऊन अंगणात तांदूळ निवडत बसले होते. झुंबरबाई आणि तिची सून, रंगनाथरावांची बायको चांगुणा, शेजारी शेंगा फोडत होत्या. चांगुणाला सातवा संपून आठवा लागला होता. तेवढ्यात पास्कूभाऊंचं दार उघडलं आणि आतून जे बाहेर आलं ते बघून चांगुणा किंचाळलीच. तोंडाला पांढरं पीठ, गालांवर कुंकवाचे दोन लाल गोळे, डोक्यावर उसाच्या पाचटाची टोपी आणि अंगात उलटा घातलेला कोट. हातात कागदाच्या पुड्या. "इंत्रुज! इंत्रुज!" असं ओरडत ते अंगणभर नाचायला लागले. आम्ही हसतोय असं दिसल्यावर त्यांना आणखी जोर चढला.

आणि नेमक्या त्याच वेळी मिलकाबाई दवाखान्यातून आल्या.

पास्कूभाऊंनी वळून पाहिलं नाही. फाटकाचा आवाज आला तशी त्यांनी हातातली पुडी भिरकावली. ती बरोबर मिलकाबाईंच्या छातीवर फुटली. पीठ केसांत, भुवयांवर, घड्याळावर.

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मिलकाबाई तशाच आपल्या खोलीत गेल्या.

"मेलो," पास्कूभाऊ पुटपुटले. "आता ही बाय मला घोड्याची सुई देणार."

दार पुन्हा उघडलं. मिलकाबाईंच्या हातात गुरांच्या डॉक्टरकडे असते तेवढी मोठी पिचकारीसारखी सिरिंज होती. त्यांनी नेम धरला आणि दांडा दाबला. जांभळ्या रंगाची एक चिळकांडी पास्कूभाऊंच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत गेली. तोंड आलेल्या पोरांना लावतात ते जांभळं औषध होतं ते. मग एक चिळकांडी डाव्या गालावर, एक उजव्या. पास्कूभाऊ जागचे हलले नाहीत. आणि मग मिलकाबाई हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकल्या, खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तोंडावरच्या पिठाचा त्या पाण्यानं चिखल झाला, तरी हसू थांबेना.

"आमच्यातही असंच असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "अगदी असंच. किती वर्षांनी कोणी माझ्या अंगावर काहीतरी टाकलं!"

"तुमच्यात म्हणजे? तुमी किरिस्तावच ना?" झुंबरबाईनं विचारलं.

"नाही हो झुंबरबाई. मी यहुदी. बेने इस्राएल."

"असंल," झुंबरबाई म्हणाली. आणि मग थोडा विचार करून, "पन मग फिटरसायबाचा सन तुमच्यात कसा आला?"

तिथंच, अंगणात, त्या पिठाच्या आणि जांभळ्या तोंडांनी दोघं एकमेकांना आपापला सण सांगत बसली. चांगुणानं चहा आणला.

पास्कूभाऊंनी सांगितलं, की इंत्रुजनंतर बुधवारपासून त्यांचे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात. मटण नाही, दारू नाही, लग्न नाही, वाजवणं नाही. म्हणून त्याआधी सगळी हौस फेडून घ्यायची. पुरुषांनी बायकांची सोंगं घ्यायची, तोंडं रंगवायची, घरोघरच्या अंगणात नाटकं करायची. "आमचो एक भाटकार होता," ते म्हणाले, "म्हणजे जमीनदार. वर्षभर त्याच्यापुढे कोणी मान वर करत नसे. पण इंत्रुजला माझा बापूस त्याच्यासारखी मिशी लावून, त्याच्यासारखं पोट पुढे काढून त्याच्याच दारात नाचायचा. आणि भाटकाराला हसावं लागायचं. रागावला तर त्याचीच नाचक्की."

मिलकाबाई मान डोलवत ऐकत होत्या. त्या कुलाबा जिल्ह्यातल्या, अलिबागजवळच्या एका खेड्यातल्या. वडिलांचा तेलघाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांचा सण पुरीम. "होळीच्याच सुमाराला येतो," त्यांनी सांगितलं. "म्हणून आमच्यातली जुनी माणसं त्यालाही होळीचा सणच म्हणायची. घरात पुरणपोळ्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताटं. आणि सोंगं! माझा काका तर दर वर्षी मडमेचं सोंग घ्यायचा."

"पण कशापायी?" चांगुणानं विचारलं.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. इराणच्या राजाची राणी एस्तेर. ती यहुदी, पण कोणाला माहीत नाही. राजाचा प्रधान हामान. सगळ्यांनी आपल्यापुढे वाकावं असं त्याला वाटे. एस्तेरचा चुलतभाऊ मर्दखय वाकला नाही, म्हणून हामानानं चिठ्ठ्या टाकून एक दिवस ठरवला आणि त्या दिवशी राज्यातले सगळे यहुदी मारायचा हुकूम काढला. एस्तेरनं तीन दिवस उपास केला, धीर करून राजापुढे गेली आणि आपण कोण ते सांगितलं. मर्दखयासाठी उभारलेल्या फाशीवर राजानं हामानालाच चढवलं.

"ही गोष्ट मोठ्यानं वाचायची," मिलकाबाई म्हणाल्या. "आणि हामानाचं नाव आलं की सगळ्यांनी एवढा गोंगाट करायचा, की ते नाव ऐकूच येता कामा नये. घाण्यावर आम्ही तेलाचे रिकामे डबे बडवायचो. आजूबाजूची कुत्री पळून जायची."

पास्कूभाऊ एकदम म्हणाले, "पण सिस्टर, तुमचं उलटं आहे. आम्ही आधी खातो आणि मग उपास करतो. तुम्ही आधी उपास आणि मग जेवण."

"हो. आदल्या दिवशी एस्तेरचा उपास असतो."

"मग तुमचंच बरं," पास्कूभाऊ म्हणाले आणि उद्यापासूनच्या दिवसांच्या आठवणीनं त्यांचं जांभळं तोंड पडलं.

"आन राजाचं सोंग, राक्षसाला जाळायचं, बोंब मारायची," झुंबरबाई शेंगा गोळा करत म्हणाली, "म्हंजी दोगांचा बी शिमगाच की हो! उगं येगळी नावं ठेवून बसलाय."

पास्कूभाऊ हसत साबण आणायला उठले.

जांभळं औषध सहजासहजी जात नाही. पास्कूभाऊंनी साबण, रॉकेल, लिंबू सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसेच सायकलनं श्रीरामपूरच्या चर्चला गेले, कपाळाला राख लावून घ्यायला. परत आले ते हसतच. उपासाच्या दिवसांत त्यांच्या चर्चमध्ये फादरचा झगा जांभळा असतो. फादरनं राख लावताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "फुर्ताद, एवढ्या तयारीनं आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी मिलकाबाईंना विचारलं, "बाई, इतकी वर्षं तुम्ही हा सण इथे कसा करत होता?"

"पोळ्या करत होते. होळीला सगळेच करतात, त्यामुळे कोणाला वेगळं वाटत नसे. ताटं वाटायची. मग दार लावून गोष्ट वाचायची. हामान आला की मी टेबलावर हात आपटायची. पण एकटीनं आपटून काय होतंय? स्वतःलाच वेडं वाटतं."

त्यांचे दोन भाऊ आणि बहीण इस्रायलला गेल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांनाही कितीदा बोलावलं. दर वेळी कोणाची तरी सून अडलेली असे, नाहीतर देवीची साथ असे, आणि त्यांचं जाणं राहून जाई. मग त्यांनी तो विषयच काढायचा थांबवला होता.

झुंबरबाई कडुनिंबाखाली बसून हे ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "दार कशाला लावायचं? आमच्या अंगनात सांगा की गोष्ट. डबे लई हायेत घरात."

मिलकाबाई नको नको म्हणाल्या. पण त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं होतं, आणि ते झुंबरबाईच्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं परस्पर कानिफनाथला बोलावणं धाडलं.

कानिफनाथ हा ऊस वाहणारा गाडीवान. शिमग्याच्या सोंगांचा तो म्होरक्या. रावण करावा तर त्यानंच, असं गाव म्हणे. हामान म्हणजे दुष्ट प्रधान हे कळल्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवला. "प्रधान माझा. बाकीचं तुमी बघा."

राजा ठरवायची वेळ आली तेव्हा पास्कूभाऊंनी हट्ट धरला, की राजा भिमाजीनंच व्हायचं. भिमाजी रंगनाथरावांच्या मळ्यावरचा राखणदार. आयुष्यात तो रंगनाथरावांपुढे खाली बसलेला नव्हता. "आणि रंगनाथराव त्याला वारा घालतील," पास्कूभाऊ म्हणाले. रंगनाथरावांनी क्षणभर पास्कूभाऊंकडे बघितलं आणि मग मोठ्यानं हसले. "पंखा कुटला घ्यायचा? सूप चालंल का?"

मर्दखय पास्कूभाऊ स्वतः झाले. त्यांचा नेम होता तो न वाजवण्याचा आणि न पिण्याचा. सोंग घेऊ नये असं फादरनं कुठं सांगितलं होतं? गोष्ट मी सांगायची ठरली.

त्या वर्षी पुरीम आणि होळी एकाच दिवशी आली. सकाळी पुरीम, संध्याकाळी होळी पेटायची. आदल्या दिवशी मिलकाबाईंनी पाण्याचा थेंब न घेता दवाखाना केला. निवडणुकीचं मतदान संपून मतमोजणी लागली होती आणि गावातले पुरुष रेडिओला चिकटले होते. मी मुलांकडून प्रचाराची उरलेली पत्रकं गोळा करून त्यांच्या कोऱ्या बाजूला पिवळा रंग लावला आणि राजाचा मुकुट केला.

होळीच्या दुपारी अंगणात मुंगीला जागा नव्हती. बाया, पोरं, म्हातारे, कडेवर तान्ही मुलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी: डबा, परात, थाळी, घंटा. चांगुणाला कडुनिंबाच्या खोडाशी उशी देऊन बसवलं होतं. अजून तिला बराच अवकाश होता.

आणि कानिफनाथ आला तो हातवारे करतच. तोंड उघडलं तर आतून नुसती हवा. महिनाभर प्रचाराच्या जीपमध्ये उभं राहून घोषणा दिल्या होत्या, आणि आता निकालाच्या आनंदात उरलासुरला आवाजही बसला होता.

"झालं," पास्कूभाऊ म्हणाले. "मुका प्रधान हुकूम कसा काढणार?"

मिलकाबाईंनी कानिफनाथचा घसा बघितला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि मग आमच्याकडे वळल्या. "एस्तेरला फारसं बोलायचं नाही. तिचं सुचित्रा सांगेल," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या. "हा एस्तेर होईल."

"मग हामान?"

"पास्कू, तुझा तो लग्नाच्या बँडचा काळा कोट आण. आणि विजार. आणि टोपी."

त्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा अंगणातल्या एका म्हातारीनं देवाचं नाव घेतलं. काळा कोट, विजार, कलती टोपी आणि काजळानं काढलेली, टोकाला वळलेली मिशी. चाल मात्र तीच, टपटप आवाज करणारी. त्या अंगणाच्या मधोमध आल्या, कमरेवर हात ठेवले आणि दवाखान्यातल्या आवाजात ओरडल्या, "मी हामान! वाका सगळे!"

सवयीनं निम्मं अंगण खरंच वाकलं.

"अहो, वाकायचं नाही!" मी ओरडले. "डबे वाजवा!"

आधी एक डबा वाजला, भीत भीत. मग दुसरा. मिलकाबाई त्या डब्याकडे डोळे वटारून बघतायत आणि तरीही काही होत नाहीये, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि मग जे सुटलं ते विचारू नका. प्रत्येकाला आपली सुई आठवली. "हामान!" मी म्हणायची, आणि पंधरा वर्षांची बोलणी खाल्लेल्या सासवा परात बडवायच्या. "माज्या दंडाला गाठ आली हुती!" एक माणूस मागून ओरडला. "येरंडेल पाजलंस!" दुसरा. बोंब मारायची तर गावाला सवयच. मिलकाबाई मुठी वळून, मिशी फुरफुरवून सगळ्यांच्या अंगावर धावून जात होत्या आणि लोक जितकं ओरडत होते तितक्या त्या फुलत होत्या.

भिमाजी रंगनाथरावांच्या खुर्चीत, मुकुट घालून, अगदी काठावर बसला होता. रंगनाथराव सुपानं वारा घालत होते. "राजा प्रधानाला काय म्हणाला?" मी विचारलं. भिमाजीनं हळूच मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "रंगनाथ, च्या आन." अंगण कोसळलं. रंगनाथरावांनी खरंच चहा आणला. तो भिमाजीनं बशीत ओतून, फुंकर मारून, पाठ टेकून प्यायला.

कानिफनाथ डोक्यावरून पदर घेऊन लाजत लाजत आला. मिशी काढायला त्यानं साफ नकार दिला होता. पदराखालून ती दोन्ही बाजूंनी दिसत होती. राजानं राणीचा चेहरा बघायला पदर उचलला आणि घाईनं परत टाकला.

मग गोष्टीतला तो भाग आला, जिथं राजाच्या हुकमानं हामानाला मर्दखयाची मिरवणूक काढावी लागते. गोष्टीत घोडा आहे. आमच्याकडे पास्कूभाऊंची सायकल होती. ते गळ्यात झेंडूच्या माळा घालून सायकलवर बसले, हँडलला दोरी बांधली, आणि मिलकाबाई ती दोरी ओढत निघाल्या. "राजा ज्याचा सन्मान करतो त्याचं असं होतं," असं प्रत्येक पावलाला दात-ओठ खाऊन म्हणत. चांगुणा पोट धरून हसत होती.

एकदम तिचं हसणं थांबलं.

"आत्याबाई," ती म्हणाली. तेवढंच. पण झुंबरबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली परात टाकून दिली. "नर्सबाई! अवो हामान! चांगुनाला कळा सुरू झाल्या!"

मिलकाबाईंनी दोरी सोडली. सायकल आणि मर्दखय दोन्ही झेंडूसकट आडवे झाले. त्या चांगुणाला धरून आत नेत होत्या आणि जाता जाता पास्कूभाऊंच्या कोटाच्या बाह्या वर सारत हुकूम देत होत्या: पाणी उकळा, माझी पेटी आणा, सगळ्या बाया आत नकोत, सुचित्रा तू ये.

मी आत गेले. चांगुणाला अवधी होता, तरी बाळाला घाई होती. कळ आली की ती डोळे मिटायची. कळ ओसरली की डोळे उघडायची, समोर टोपी आणि वळलेली मिशी दिसायची, आणि त्या अवस्थेतही तिला हसू फुटायचं. "बाई, ती मिशी पुसा की वो," ती कळवळून म्हणाली.

"हात धुतलेत, आता तोंडाला लावायचे नाहीत," मिलकाबाई म्हणाल्या. "हसू येतंय ना? हस. हसलीस की जोर बरोबर लागतो."

बाहेर सगळं अंगण तसंच बसून होतं. कोणी घरी गेलं नाही. गोष्ट अर्धी, प्रधान अजून जिवंत, राजा खुर्चीत, राणी पदराखाली बिडी ओढत. उन्हं कलली. आणि मग आतून एक बारीक, तिखट रडणं आलं.

झुंबरबाई दारात गेली. "मुलगी झाली! दोगी बी खुशाल हायेत!"

मघाशी जो गोंगाट हामानासाठी झाला त्याच्या दुप्पट आता झाला. कोणीतरी पास्कूभाऊंना म्हणालं, "फिटरसायेब, आता तरी ती पिपाणी काढा!" ते माझ्याकडे बघून हसले आणि मान हलवली. नेम म्हणजे नेम. पण त्यांनी रॉकेलचा एक रिकामा डबा ओढून गुडघ्यांत धरला आणि बोटांनी वाजवायला लागले, आणि त्या गोंगाटाला हळूहळू ठेका आला. पराती त्याच्यामागे आल्या, थाळ्या आल्या, बाया फेर धरायला लागल्या. डबा बडवू नये असं फादरनंही कधी सांगितलं नव्हतं.

मिलकाबाई बाहेर आल्या. घामानं मिशी गालापर्यंत पसरली होती. त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"माझी फाशी राहिलीय," त्या म्हणाल्या.

नाचणाऱ्या बाया फेर सोडून जवळ आल्या.

"काय बोलता बाई!" झुंबरबाई पुढे झाली. "माज्या सुनंला सोडवलीत तुमी. तुमाला कोन फाशी देतंय बघते मी."

"अहो, मला नाही. हामानाला."

"हामान तर हामान. माज्या दारात न्हाई."

"झुंबरबाई, गोष्ट पुरी झाल्याशिवाय मला जेवता येत नाही. हामान मेलाच पाहिजे."

आता वाद सुरू झाला. अर्धे लोक म्हणाले, बाई म्हणतात तर द्या फाशी. अर्धे म्हणाले, होळीच्या दिवशी हे अभद्र नको. कानिफनाथ हातवारे करून काहीतरी सांगत होता, ते कोणाला कळत नव्हतं. शेवटी भिमाजी खुर्चीतून उठला. मुकुट कानावर उतरला होता तो त्यानं सारखा केला. "मी राजा हाय ना?" तो म्हणाला. "मग माजा हुकूम. बाईला सोडा. कोटाला फाशी द्या."

"माझा कोट!" पास्कूभाऊ ओरडले, पण उशीर झाला होता. मिलकाबाईंनी कोट काढला, वर टोपी खोचली, रंगनाथरावांनी सायकलची दोरी कडुनिंबाच्या फांदीवरून टाकली, आणि हामान वर गेला. जिवंत माणसाला लागले नसते एवढे हौसेचे शिव्याशाप त्या कोटाला मिळाले. मिलकाबाई झाडाखाली उभ्या होत्या, बिनकोटाच्या, पास्कूभाऊंच्या विजारीत आणि स्वतःच्या पांढऱ्या पोलक्यात. हातात थाळी घेऊन त्याही सगळ्यांबरोबर बडवत होत्या. "हामान! हामान!" इतकं मोठ्यानं, की दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजही कानिफनाथसारखा बसला.

मग ताटं आली. त्यांची पोळी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, झुंबरबाईची सगळीकडे. पास्कूभाऊंना पोळी चालते का, यावर थोडी चर्चा झाली. पुरणात मटण नसतं आणि दारूही नसते, असा त्यांनीच निकाल दिला आणि बराच वेळ जेवत राहिले. संध्याकाळी गावाची होळी पेटली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. झुंबरबाईनं मिलकाबाईंच्या मांडीवर बाळ देऊन म्हटलं, "तुमच्या रानीचं नाव ठेवू या. इस्तर." तिला ते उच्चारता येईना. इसतर, येस्तर, असं करत करत ती थांबली. मिलकाबाई म्हणाल्या, "एस्तेर म्हणजे तारा, असं माझे वडील सांगायचे. ताराच ठेवा." तेच ठेवलं.

पुढच्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर अन्नान्न दशा झाली. मिलकाबाई दुष्काळी कामांवर बायांना तपासत उन्हातान्हात हिंडत होत्या. सगळा जिल्हा होरपळला तेव्हा कारखान्याला ऊस मिळेना, हंगाम लवकर आटोपला, आणि त्र्याहत्तरच्या इंत्रुजला पास्कूभाऊंना अखेर रजा मिळाली. त्यांनी मिलकाबाईंना आग्रह केला. त्यांच्या रजा तर वर्षानुवर्षं साठलेल्या. मलाही शाळेतून चार दिवस मिळाले, आणि आम्ही तिघं गोव्याला निघालो.

पास्कूभाऊंच्या गावी मिलकाबाईंनी सगळं पाहिलं. मुखवटे घातलेली माणसं, बायकांच्या वेषातले बाप्ये, अंगणातली नाटकं. पास्कूभाऊंची आई त्यांच्या शेजारी बसून कोंकणीत समजावून सांगत होती आणि मिलकाबाई मराठीत उत्तर देत होत्या, आणि कुलाब्याकडची बोली नि ती कोंकणी यांचं कुठं अडत नव्हतं. भाटकाराचं सोंग आलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या, की त्या सोंगानं येऊन त्यांना वाकून मुजरा केला.

बुधवारी सकाळी उठलो तर गाव शांत. रस्त्यावर पिठाचे पांढरे डाग आणि चिरडलेल्या फुलांच्या माळा. लोक चर्चमधून कपाळाला राख लावून मुकाट्यानं घरी परतत होते. पास्कूभाऊ दारात बसले होते, गंभीर तोंडानं, ट्रम्पेट पेटीत बंद करून.

मिलकाबाई आपली पिशवी भरत होत्या. मला म्हणाल्या, "सुचित्रा, आटप लवकर. यांचं संपलं. आता माझं पुढे आहे, आणि घरात हरभऱ्याची डाळ नाहीये."

मडगाव स्टेशनापर्यंतच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, आणि या वर्षी हामान कोणाला करायचं यावर रस्ताभर बोलत राहिल्या.